शब्दचर्चा: न्यायाधीश, न्यायमूर्ती, मुन्सफ – फ्लेक्सवर नेमकं काय लिहायचं?

देवगडहून (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या वाडीतली एक मुलगी कोर्टाची परीक्षा पास झाली. वाचनालयातर्फे रविवारी सत्कार ठेवलाय. फ्लेक्सचा मजकूर मीच लिहून दिला: ‘न्यायमूर्तीपदी नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. फ्लेक्स छापून आला, वाचनालयासमोर दोन बांबूंना बांधलाही. संध्याकाळी शेजारचे भाऊ येऊन म्हणाले, ‘न्यायमूर्ती नव्हे, न्यायाधीश.’ मुलीचे वडील मॅजिस्ट्रेट म्हणतात. आणि तिची आजी ओटीवर बसून आल्यागेल्याला सांगते, ‘नात माझी मुन्सफ झाली.’ आता बरोबर शब्द कोणता? गावभर लागणारी गोष्ट आहे, चूक राहायला नको.

रत्नागिरीहून

ताई, मुलीचं मनापासून अभिनंदन. मी ३१ वर्षं न्यायालयात कारकुनी केली, रोजनामे लिहून बोटाला घट्टा पडलाय, म्हणून सांगतो.

तिच्या पदाचं पूर्ण नाव ‘दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व न्यायदंडाधिकारी (प्रथम वर्ग)’. माणूस एकच, पदं दोन. गडग्याचा म्हणजे दगडी कुंपणाचा, वहिवाटीचा, आंब्याच्या सामाईक कलमांच्या वाटणीचा दावा समोर आला की ती दिवाणी न्यायाधीश. तोच गडगा पाडताना कोयता उगारला, मारामारी झाली आणि खटला आला, की ती न्यायदंडाधिकारी, म्हणजेच मॅजिस्ट्रेट. म्हणून भाऊही बरोबर आणि तिचे वडीलही बरोबर. आमच्याकडे शब्दही तसेच वेगळे ठेवावे लागत. दिवाणीत दावा, वादी, प्रतिवादी, हुकूमनामा. फौजदारीत खटला, फिर्यादी, आरोपी, शिक्षा. नवा कारकून दिवाणीच्या रोजनाम्यात ‘आरोपी गैरहजर’ लिहून बसला, तर ते पान साहेबांपुढे जायच्या आत दुरुस्त करावं लागे.

‘न्यायदंडाधिकारी’मधला ‘न्याय’ गाळू नका. नुसते दंडाधिकारी म्हणजे तहसीलदारही असतात, ते कार्यकारी दंडाधिकारी. जिल्हाधिकारी हे जिल्हादंडाधिकारी. ती शासनाची माणसं, न्यायालयाची नव्हेत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ही दोन घरं स्पष्ट वेगळी केली.

आजींचं म्हणाल तर तेही चुकीचं नाही, जुनं आहे. मुन्सफ शब्द अरबीतला, ‘इन्साफ’ त्याच धातूचा. त्या धातूचा मूळ अर्थ अर्धा भाग. दोघांना सारखं वाटून देतो तो मुन्सफ. भावकीच्या वाटण्यांनी ज्या भागातली कोर्टं भरलेली, तिथं हा शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी टिकला, याचं मला नवल वाटत नाही.

देवगडहून

काका, इतकं सविस्तर सांगितलंत, आभारी आहे. पण ‘कनिष्ठ स्तर’ फ्लेक्सवर घालायला मंडळातली माणसं तयार नाहीत. सत्कारात कनिष्ठ कशाला, म्हणतात. आणि मग न्यायमूर्ती कोणाला म्हणायचं?

रत्नागिरीहून

कनिष्ठ ती नव्हे, स्तर कनिष्ठ. त्यावर वरिष्ठ स्तर, त्यावर जिल्हा व सत्र न्यायाधीश. शिडीला खालची पायरी असतेच. आणि तालुक्यातल्या माणसाचं कोर्टाशी पहिलं काम पडतं ते याच पायरीवर. ती घातल्याशिवाय पदनाम पुरं होत नाही.

दुसरी चूक ‘नियुक्ती’ची. लोकसेवा आयोग पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत घेतो आणि शिफारस करतो, ती ‘निवड’. उच्च न्यायालयाच्या विचाराने राज्यपाल नेमतात, ती ‘नियुक्ती’. मग अमुक तालुक्याला जा असा आदेश निघतो, ती ‘नेमणूक’ किंवा ‘पदस्थापना’. मधे प्रशिक्षण असतं, भाईंदरजवळ उत्तनला, न्यायिक अकादमीत. म्हणजे मुलगी समुद्रकाठ सोडून लांब जाणार नाही. निकाल नुकताच लागला असेल तर आज ‘निवड’ लिहा.

कणकवलीहून

ताई, मी वकिली करतो, न्यायमूर्तीचं मी सांगतो. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय, या दोनच ठिकाणी न्यायमूर्ती. संविधानात तिथेही पद ‘न्यायाधीश’ असंच आहे. ‘न्यायमूर्ती’ हे नावाआधी लावायचं आदरवाचक, वापराने रुळलेलं. प्रत्येक न्यायमूर्ती न्यायाधीश असतो, प्रत्येक न्यायाधीश न्यायमूर्ती नसतो.

फरक नुसत्या मानाचा नाही, नेमणारा हातच वेगळा. खालच्या न्यायाधीशांना राज्यपाल नेमतात. न्यायमूर्तींना राष्ट्रपती नेमतात, आणि त्याला परीक्षा नसते. उच्च न्यायालयासाठी किमान १० वर्षं वकिली किंवा १० वर्षं न्यायिक पद लागतं. निवृत्ती तिथे ६२ व्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयात ६५ व्या.

आणि ही सगळी व्यवस्था आज ज्यावर उभी आहे तो एका शब्दाचा अर्थ आहे. शब्दचर्चा करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण समजून घ्यावं असं मला फार वाटतं. राष्ट्रपतींनी न्यायाधीश नेमताना सरन्यायाधीशांशी ‘विचारविनिमय’ करावा, असं संविधान सांगतं. विचारविनिमय म्हणजे काय? मत विचारायचं आणि मग हवं ते करायचं, की मत मानायचं? १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, विचारविनिमय म्हणजे सहमती नव्हे, शेवटचा शब्द सरकारचा. १९९३ मध्ये ९ न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवलं: इथे सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य, आणि ते मत एकट्याचं नको, ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारून बनलेलं हवं. १९९८ मध्ये संख्या पक्की झाली. सर्वोच्च न्यायालयात नेमणूक करायची तर सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठतम न्यायमूर्ती, उच्च न्यायालयासाठी सरन्यायाधीश आणि दोन. संविधानाचं ते वाक्य तसंच राहिलं, त्यातल्या एका शब्दाचा अर्थ बदलला आणि न्यायमूर्ती निवडण्याचा अधिकार एका घरातून दुसऱ्या घरात गेला. पुढे २०१४ ची ९९ वी घटनादुरुस्ती करून संसदेने न्यायिक नियुक्ती आयोग आणला, तो १६ ऑक्टोबर २०१५ ला घटनाबाह्य ठरला. सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ कायम राहिलं, त्यालाच वर्तमानपत्रं ‘न्यायवृंद’ म्हणतात.

मालवणहून

न्यायवृंद हा शब्द मला पटत नाही हो. मी शाळेत मराठी शिकवायचे. शिक्षकवृंद म्हणजे शाळेतले झाडून सगळे शिक्षक. श्रोतृवृंद म्हणजे जमलेले सगळे श्रोते. मग न्यायवृंद म्हणजे सगळे न्यायाधीश असंच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात माणसं पाच किंवा तीन. त्यात ‘निवड’ कुठे दिसत नाही आणि ‘ज्येष्ठ’ही दिसत नाही. ‘ज्येष्ठ न्यायमूर्तींचं निवड मंडळ’ म्हटलं तर पाचवीतल्या मुलालाही कळेल.

कणकवलीहून

बाई, लांबीची अडचण आहे, मथळ्यात बसत नाही. पण तुमचा मुद्दा खरा आहे. आमच्यात बोलताना सगळे ‘कॉलेजियम’च म्हणतात.

अलिबागहून

सरन्यायाधीश हा शब्द आला म्हणून लिहितो. तो मला मराठीतला फार देखणा शब्द वाटतो. ‘सर’ फारसी, म्हणजे डोकं, मुख्य. ‘न्यायाधीश’ संस्कृत. सरदार, सरनोबत, सरसुभेदार, सरपंच यांच्याच ओळीतला. आणि आमच्या किनाऱ्यावर तर सरखेल कान्होजी आंग्रे. मी राहतो तिथून त्यांची समाधी चालत दहा मिनिटांवर आहे. सरखेलातला ‘सर’ आणि सरन्यायाधीशांतला ‘सर’ एकच, हे मी नातवंडांना तिथे उभं करून सांगतो.

सोयही बघा. उच्च न्यायालयाचे ते ‘मुख्य न्यायमूर्ती’, देशाचे ते ‘सरन्यायाधीश’. एका शब्दात कोण कुठला ते कळतं. हिंदी बातम्यांत दोन्हीकडे ‘मुख्य न्यायाधीश’ ऐकू येतं आणि घोटाळा होतो.

महाडहून

थोडी भर. ‘न्यायाधीश’ला साधा शब्द समजू नका. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांत निराजी रावजी न्यायाधीश होते. तोवर काझी हा शब्द चालत होता. कारभारातले फारसी शब्द बदलून संस्कृत पदनामं दिली गेली, त्यातलं हे एक, आणि आजही रोज वापरात आहे. ताई, वाडीतल्या मुलीला रायगडावरचा शब्द मिळतोय. न्यायमूर्ती कशाला हवंय?

वेंगुर्ल्याहून

‘खंडपीठा’चा गोंधळ कोणी सोडवेल का? नागपूर खंडपीठ म्हणतात, आणि दोन न्यायमूर्ती एकत्र बसले तरी खंडपीठच म्हणतात.

कणकवलीहून

दादा, खरंच दोन अर्थ आहेत. एक जागेचा: मुंबई उच्च न्यायालयाची नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात असलेली पीठं. दुसरा संख्येचा: दोन न्यायमूर्ती ते खंडपीठ, एक असतील तर एकलपीठ. सर्वोच्च न्यायालयात संविधानाच्या अर्थाचा मोठा प्रश्न असेल तर किमान पाच, ते घटनापीठ. म्हणून ‘नागपूर खंडपीठाच्या एकलपीठाने’ असं वाक्य छापून येतं. विचित्र वाटतं, पण बरोबर असतं.

कोल्हापूरला मात्र खंडपीठ नाही, सर्किट बेंच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे काम सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आहेत. कायमचं खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशाने होतं. हे राज्यपालांच्या मान्यतेने मुख्य न्यायमूर्तींनी ठरवलेलं बसण्याचं ठिकाण. मराठीत कोणी ‘फिरतं खंडपीठ’ लिहितात, पण ते फिरत नाही, कोल्हापुरातच बसतं. त्यापेक्षा सर्किट बेंच बरं. आमच्या अशिलांना नावाशी देणंघेणं नाही. पूर्वी अपिलासाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची, तारीख पडली की तसंच परत. आता सकाळी घाट चढून संध्याकाळी घरी येता येतं, पावसाने घाट बंद नसला तर.

देवगडहून

मंडळी, सगळं वाचून दाखवलं. मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, ‘काकी, कनिष्ठ स्तर घालाच. परीक्षा त्याचीच दिली मी.’ मंडळाची माणसं मग काही बोलली नाहीत. जुना फ्लेक्स उतरवला, नवा छापायला दिला: ‘दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व न्यायदंडाधिकारी (प्रथम वर्ग) या पदासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. दोन ओळींत बसत नव्हतं, तिसरी वाढवली.

आजींना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे मुन्सफच ना?’ मी हो म्हटलं.