सल्ला आज, सुई दुसऱ्या दिवशी : एवढं मागणं जास्त आहे का?

फोंड्याची माई (धागाकर्ती)

गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नाआधी पणजीतल्या एका क्लिनिकमध्ये ओठांत फिलर, म्हणजे ओठ भरीव दिसावेत म्हणून टोचतात ते जेल, भरून घेतलं. वय ४१, पैसे माझे, हौसही माझी. 'कन्सल्टेशन' म्हणून जे झालं ते एवढंच : व्हॉट्सअॅपवर दोन फोटो पाठवले, "शनिवारी या, अर्ध्या तासात होऊन जाईल" असं उत्तर आलं. गेले तर रिसेप्शनवरच्या मुलीने आधी ओठांना भूल देणारं मलम चोपडलं आणि मग चार पानी संमतिपत्र हातात ठेवलं. इंग्रजी, बारीक अक्षर. चष्मा पर्समध्ये, पर्स बाहेर, तोंड बधिर. केली सही. मी शाळेत शिकवते, 'न वाचता सही करू नका' हे पोरांना मीच सांगते.

रात्री नऊच्या सुमारास वरच्या ओठावर उजवीकडे पांढरा डाग दिसला आणि ठणका सुरू झाला. क्लिनिकचा फोन बंद. व्हॉट्सअॅपवर "सूज नॉर्मल आहे मॅम, बर्फ लावा" आणि पुढे जोडलेले हात. सकाळी डागाभोवती जांभळट जाळी उमटली होती. रविवार असूनही ओळखीच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी दवाखाना उघडला आणि फिलर विरघळवायचं इंजेक्शन दिलं. जेलमुळे रक्तवाहिनी अडली होती. ओठ वाचला. लग्नाच्या प्रत्येक फोटोत माझा हात तोंडावर आहे.

तर माझं म्हणणं : सल्ला एका दिवशी, सुई दुसऱ्या दिवशी. सल्ल्याची फी वेगळी घ्या, खुशाल घ्या. आणि रात्री उचलला जाणारा फोन नसेल तर सुई टोचूच नये. असहमत असाल तर जरूर लिहा, फक्त 'हौसेला मोल नसतं' नको. ते सासूबाईंचं सांगून झालंय.

काणकोणची

माई, झालं ते वाईटच, पण उपाय पटला नाही. मी तीन वर्षं कपाळावरच्या सुरकुत्यांसाठी बोटॉक्सचं इंजेक्शन घेते. असर तीन-चार महिने टिकतो, म्हणजे वर्षाला तीनदा. तुमच्या नियमाने प्रत्येक वेळी सल्ल्याची एक खेप, सुईची दुसरी, तपासणीची तिसरी. वर्षाला नऊ खेपा! काणकोणहून पणजी सत्तरेक किलोमीटर, प्रत्येक खेपेला रजा. नऊ रजा कपाळासाठी मागितल्या तर साहेब माझ्याच कपाळाला हात लावतील.

शिवाय खेपा वाढल्या की बायका घराजवळच्या पार्लरमध्ये जातील. तिथे डॉक्टरही नाही आणि विरघळवायचं इंजेक्शनही नाही. मग तुमच्या नियमाने कोण वाचलं?

डिचोलीचे भाऊ

आमच्या आयांनी खोबरेल तेलावर आयुष्य काढलं. सुरकुत्या पडल्या म्हणून कोणी उपाशी राहिलं नाही.

फोंड्याची माई

भाऊ, तुमच्या डोक्यावरचा काळा रंग कुठल्या खोबरेलातून येतो तेवढं सांगा, म्हणजे पुढे बोलू.

गोमेकॉतली निवृत्त सिस्टर

दोघी बरोबर आहात, कारण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडताय. बोटॉक्स स्नायू ढिला करतं. तीन-चार दिवसांनी कळायला लागतं, पूर्ण असर दोन आठवड्यांनी. ते उलटवता येत नाही. पापणी खाली आली तर काही आठवडे वाट बघायची, बस्स. फिलर म्हणजे जेल. हायल्युरॉनिक अॅसिडचं असेल तर विरघळवता येतं, पण रक्तवाहिनी अडल्यावर तास मोजावे लागतात. माईला 'बर्फ लावा' सांगितलं तिथेच चुकलं. पांढरा पडलेला भाग, जाळी, वाढता ठणका, बोटाने दाबून सोडल्यावर रंग लगेच न परतणं, ही सूज नव्हे. बर्फाने शिरा आणखी आकसतात. आणि नजरेत जरा जरी फरक वाटला तर क्लिनिकच्या फोनची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठायची, बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो की जवळचं कुठलंही.

काणकोणच्या बाय, पाचव्यांदा तेच, त्याच डॉक्टरकडे, तर त्याच दिवशी सल्ला आणि सुई चालेल. पण पहिल्यांदा? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, ओठांवर हर्पिसचे फोड येतात का, गरोदरपण, अंगावर पाजणं, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार, दाताचं काम पंधरा दिवसांत झालंय की व्हायचंय, हे फोटोत कुठून दिसणार? आणि ती गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारायचं.

अवांतर : बोटॉक्स घेऊन लगेच स्कूटरने घरी जाऊ नका. हेल्मेट कपाळावर घट्ट बसतं आणि टोचलेली जागा काही तास तरी दाबायची-चोळायची नसते. हेल्मेट न घालणं हा उपाय नव्हे, कदंब बस आहे. चार तास आडवं न होणं हे बरेच जण सांगतात, त्यामागे पुराव्यापेक्षा सावधगिरी जास्त, पण पाळायला काय जातं. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आहे म्हणून सांगते, फिलरनंतर दोन दिवस नेवऱ्या (करंज्या) तळायला चुलीपुढे उभं राहू नका. उष्णतेने सूज वाढते.

पर्वरीचा वकील

संमतिपत्राबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात स्पष्ट केलं की संमती खरी ठरायची तर रुग्णाला उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय पुरेसे सांगितलेले हवेत. भूल चढल्यावर चष्म्याविना केलेली सही म्हणजे कागदावरची रेघ. पण एक खरं, कोर्टात तो कागद तुमच्या विरुद्ध दाखवला जातो आणि चष्मा पर्समध्ये होता हे सिद्ध करत बसावं लागतं. कागद आदल्या दिवशी घरी मागवा. द्यायला कां-कूं केलं तर तिथेच उत्तर मिळालं.

म्हापशाची सून

मला तर उलटा अनुभव. सल्ला वेगळ्या दिवशी झाला, फीही घेतली, आणि तो सल्ला नव्हता, दुकान होतं. मी गेले कपाळासाठी. बाईंनी आरसा हातात दिला, पांढऱ्या पेन्सिलीने हनुवटीवर, गालावर, डोळ्यांखाली टिंबं काढली. "तुम्ही थकलेल्या दिसता" म्हणाल्या. तोवर मी थकलेले नव्हते. बाहेर पडले ती तीन सिटिंगच्या पॅकेजचा कागद घेऊन, आज बुक केलं तर सवलत. माई, तुमचा वेगळा दिवस माझ्या काय कामाचा?

फोंड्याची माई

कामाचा आहे की. त्या दिवशी सुई नव्हती म्हणून तुम्ही कागद घेऊन बाहेर पडलात, हनुवटी घेऊन नाही.

म्हापशाची सून

हे मान्य. कागद अजून फ्रिजवर आहे, त्यावर दुधाचा हिशेब लिहिते.

काणकोणची

सिस्टर, देव बरें करूं. पण एक मुद्दा सोडत नाही. 'रात्रीचा फोन' म्हणायला सोपं. एकट्या डॉक्टरने चोवीस तास फोन उचलायचा? माझी बहीण दाताची डॉक्टर आहे, रात्री बाराला लोक "दात जरा हलतोय" म्हणून फोन करतात. मग ती फोन बंदच ठेवते, आणि मी तिला दोष देत नाही.

गोमेकॉतली निवृत्त सिस्टर

तिनेच उचलावा असं नाही. कोणाकडे जायचं ते नाव कागदावर हवं आणि विरघळवायचं औषध कपाटात हवं. उचलणाऱ्याने आधी फोटो मागवायचा आणि 'नॉर्मल' हा शब्द त्यानंतर काढायचा. आणि जाताना कुपीवरच्या किंवा सिरिंजच्या पाकिटावरच्या स्टिकरचा फोटो मागून घ्या. त्यावर नाव आणि बॅच नंबर असतो. रविवारी दुसऱ्या डॉक्टरला पहिला प्रश्न तोच पडतो, आत नेमकं काय भरलंय.

फोंड्याची माई

मला तोच प्रश्न विचारला होता. माझ्याकडे फक्त जोडलेले हात होते.

बरं, नियम बदलते. पहिल्यांदा असेल किंवा नवी जागा टोचायची असेल तर दोन दिवस. तेच तिथेच पुन्हा असेल तर एक. फोनवर मात्र मी हटत नाही.

काणकोणची

माझी तारीख सोमवारची आहे, कपाळाचीच. बसने जाईन. काल रात्री दहाला त्यांचा नंबर मुद्दाम लावून बघितला. तिसऱ्या रिंगला डॉक्टरांनीच उचलला, जेवत होते. आता काय बोलायचं सुचेना, म्हणून तपासणीची तारीख विचारली. नेवऱ्या जाऊबाईंवर ढकलल्यात. कारण विचारत होत्या, म्हटलं पाठ धरलीय.