घरगुती सनस्क्रीन क्रीम: चार बॅच फसल्या, पाणी सुटतंय आणि चेहरा चुना फासल्यासारखा. मदत हवी आहे

मला साधी मॉइश्चरायझिंग क्रीम बनवता येते, दोन वर्षं बनवतेय, त्यामुळे वाटलं की त्यातच झिंक ऑक्साइड घातलं की झालं सनस्क्रीन, त्यात काय एवढं. तर एवढं सगळं त्यातच आहे असं आता कळतंय. विकतच्या बऱ्याच सनस्क्रीन घामाबरोबर डोळ्यात उतरतात आणि माझे डोळे चुरचुरतात, म्हणून हा उद्योग.

चौथ्या बॅचचं प्रमाण देते, १०० ग्रॅमचं. पाणी ४९.८, झिंक ऑक्साइड १८ (साधं, कोटिंग नसलेलं, नॅनो नसलेलं), कॅप्रिलिक ट्रायग्लिसराइड (हलकं तेल) १४, इमल्सिफाइंग वॅक्स (तेल-पाणी एकत्र धरणारं मेण) ६, शिया बटर ५, ग्लिसरीन ४, स्टिअरिक अ‍ॅसिड २, झँथन गम ०.४, आणि प्रिझर्वेटिव्ह म्हणून सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट मिळून ०.८. तेलाचा आणि पाण्याचा भाग वेगवेगळा ७० डिग्रीला गरम केला, एकत्र करून हँड ब्लेंडर फिरवला आणि क्रीम जमल्यावर झिंकची पावडर वरून घातली.

आता रडगाणं. पहिल्या दिवशी क्रीम दिसायला सुंदर, दुसऱ्या दिवशी रवाळ, तिसऱ्या दिवशी तळाशी पाणी. प्रिझर्वेटिव्हच्या पाकिटावर पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५ च्या खाली ठेवा असं होतं आणि माझा पीएच साडेसातच्या आसपास येत होता, म्हणून मी सायट्रिक अ‍ॅसिडचे थेंब टाकत गेले. पीएच खाली यायचा आणि तासाभराने बघावं तर परत वर! शेवटी इतकं टाकलं की क्रीम फाटलीच. आणि लावल्यावर आधी पांढरी पुटं, मग चोळलं की मळ निघाल्यासारख्या वळ्या. तिसऱ्या बॅचला गमऐवजी कार्बोमर (जेल बनवणारी पावडर) वापरून बघितलं होतं, छान घट्ट जेल झालेलं, झिंक पडलं आणि त्याचं पाणी पाणी झालं.

नक्की कुठे चुकतंय? क्रीम टिकली पाहिजे आणि अंगाला लावाविशी वाटली पाहिजे, एवढंच मागणं आहे.

खलबत्ता:
अगं तुझं एकच मूळ दुखणं आहे, बाकी सगळी त्याची पिल्लं. झिंक ऑक्साइड म्हणजे मुकाट पडून राहणारी टाल्कम पावडर नव्हे, ते आम्लाशी भांडतं. तू स्टिअरिक अ‍ॅसिड घातलंस, त्याचा झिंकशी संयोग होऊन झिंक स्टिअरेट म्हणजे धातूचा साबण झाला, रवाळपणात त्याचा हात आहेच. सायट्रिक अ‍ॅसिड टाकलंस, ते झिंकने खाल्लं आणि स्वतः थोडं विरघळून पाण्यात झिंकचे आयन सोडले, म्हणून पीएच परत चढला. कार्बोमरची जाळी त्याच आयनांनी मोडली. तेव्हा पीएच खाली आणायचा नाद सोड, ७ ते ७.५ ला राहू दे आणि त्या पीएचला चालणारं प्रिझर्वेटिव्ह घे. बेंझोएट-सॉर्बेट तिथे असून नसल्यासारखं. फिनॉक्सीइथेनॉल चालेल, १ टक्क्याच्या वर नको.

दुसरं, कोटिंग असलेलं झिंक आण, सिलेन किंवा डायमेथिकोनचं. ते पाण्याला लागत नाही, तेलात बसतं. आणि पावडर तयार क्रीमवर टाकायची नाही गं! आधी तेलात खलात घोटून गुळगुळीत पेस्ट कर, सोबत पॉलिहायड्रॉक्सीस्टिअरिक अ‍ॅसिड अगदी थोडं, त्याने कण एकमेकांना चिकटत नाहीत. नावात अ‍ॅसिड आहे म्हणून दचकू नकोस, ते वेगळं प्रकरण. काचेवर बोटाने पातळ ओढून उजेडात धरायचं, ठिपके दिसले की परत घोट. ठिपके म्हणजे तिथे गुठळी आणि शेजारी उघडी कातडी. पावडर मोजताना मास्क लाव.

उन्हातली_भटकी:
वळ्या मला गमच्या वाटतात. ०.४ फार नाही, पण पांढरं जाईना म्हणून तू चोळत राहतेस ना? अर्धवट सुकलेला थर चोळला की वळणारच. थोडं थोडं लावून थापायचं. पांढरेपणाला लाल, पिवळं आणि काळं आयर्न ऑक्साइड चिमूटभर मिसळून त्वचेच्या रंगाच्या जवळ जा. शिया कमी कर, तेलकटपणा तिथला आहे.

आणि एक विचारू, रास्पबेरीच्या बियांचं तेल घातलं तर एसपीएफ वाढतो म्हणतात?

खलबत्ता:
म्हणणारे म्हणोत. त्या तेलाच्या भरवशावर कुणी उन्हात जाऊ नये. आणि हे मूळ धागाकर्तीलाही सांगतो, राग मानू नका. १८ टक्के झिंक घातलं म्हणजे अमुक एसपीएफ असं गणित नसतं. एसपीएफ माणसांच्या त्वचेवर दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात, आणि तेच झिंक नीट न पसरल्यास आकडा कितीतरी खाली येतो. घरी हे मोजायची सोय नाही. भर दुपारी, पोहायला, लहान मुलांना: तपासलेलंच उत्पादन. डोळे चुरचुरत असतील तर फक्त झिंकवाली विकतची ट्यूब आधी लावून बघा.

हौस म्हणून करायचंच तर उलटं इमल्शन (तेल-पाण्याचं मिश्रण) करा, आत्ताच्या पाण्यात तेलाऐवजी तेलात पाणी. ३ ते ६ एचएलबीचा (हा आकडा कमी म्हणजे तेलाकडे ओढा जास्त) पॉलिग्लिसरिल जातीतला इमल्सिफायर, पाण्यात १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट, आणि पाणी तेलात अगदी धारेने, ब्लेंडर चालू ठेवून. घाई केली तर पाणी आत घेतच नाही.

धागाकर्ती:
दादा, राग कसला, बरं झालं स्पष्ट बोललात. दुपारची ट्यूब विकतचीच घेतली, फक्त झिंकवाली, आणि खरंच चुरचुरत नाहीये. मग ही क्रीम कशाला, असं घरचेही विचारतात, पण आता जिद्दीला पेटलेय.

पाचवी बॅच तुम्ही सांगितली तशी केली. घोटून घोटून हात दुखले. गंमत म्हणजे पाणी जास्त घातलं की पातळ होईल वाटलेलं, तर उलट घट्ट होत गेली! टिकते का बघायला एक डबी रात्री फ्रीजरमध्ये आणि दिवसा बाहेर असं तीनदा केलं, पाणी सुटलं नाही, रवाळही नाही. रंग घातल्यावर चुना गेला, आता जरा आजारी पिवळी दिसते, लाल वाढवावं लागेल.

पण बाराव्या दिवशी वर तेलाचा पातळसा थर आलाय, साधारण दोन मिलिमीटर. हलवलं की मिसळतो. हे इमल्सिफायर कमी पडल्यामुळे का पाणी कमी पडल्यामुळे? इमल्सिफायर ४ टक्के आहे, पाणी ४५. मेण १ टक्का घातलं तर तेल धरून ठेवेल का, की परत चिकट होईल?

खलबत्ता:
आधी पाणी ५२ कर, मेणाला हात लावू नकोस. दोन्ही एकदम बदललंस तर कशाने सुधारलं ते कळणार नाही. आणि गार होईपर्यंत ढवळत राहा, गरम असताना डबीत भरलीस ना?

धागाकर्ती:
भरली होती.