गळत नाही, तरी ऑइल कमी होतं

पार्किंगच्या फरशीवर थेंबही नाही, तरी ४००० किमीत गाडीच्या इंजिनचं अर्धा लिटर ऑइल गेलं, ते कुठे जातं, असं एकाने विचारलंय. ते जळतंय. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर असतोच, त्यातलं थोडं जळणारच. एवढ्या खपासाठी इंजिन उघडू नका. हजार किमीलाच अर्धा लिटर जायला लागलं तर मात्र शोध घ्या.

धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना निळसर भपका येऊन थांबला, तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली जाऊ न देणारे रबरी सील) कडक झालेत. ऑइल गाइडमधून, म्हणजे तो दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातून, खाली झिरपतं. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सतत धूर येत असेल तर रिंगांवर (पिस्टनभोवतीच्या कड्यांवर) संशय. पेट्रोल गाडीत कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजण्याची चाचणी) आधी कोरडी करा, मग स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून. दाब चांगलाच वाढला तर रिंगा गेल्या. पण नुसती खालची ऑइल रिंग कार्बनने खाचेत चिकटली असेल तर दाब ठीकच दिसतो. तिथे प्लगवरचा ओला काळा थर बघावा.

या सगळ्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतली वाफ बाहेर नेणारी झडप) तपासा, स्वस्त भाग आहे. तो उघडा अडकला की क्रँककेसमधली (इंजिनच्या खालच्या पोकळीतली) ऑइलची वाफ सरळ इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, ओढली जाते.

आणि टॉप-अप डिपस्टिकवरच्या मॅक्सिमम खुणेच्या वर नको. जास्तीचं ऑइल क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) घुसळते, फेस होतो आणि तेही पीसीव्हीच्याच वाटेने जळायला जातं.