ओल्या लाकडातून कोरलेले डाव वाळताना का तडकतात?

प्रश्न:
ओल्या ओंडक्यातून हाताने कोरलेल्या डावांना आणि पळ्यांना आकार चांगला येतो, परंतु वाळताना त्यांना भेगा पडतात. लाकूड आधी वाळवून मगच कोरावे का, आणि शेवटी कोणते तेल लावावे?

प्रतिसाद १:
ओले लाकूड सुरीला मऊ लागते; तो फायदा सोडू नये. तडकण्याचे कारण बहुधा आत राहिलेला गाभा, म्हणजे खोडाच्या अगदी मध्यावरचा बारीक मऊ भाग, असते. वाळताना लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितके आकसते, ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेतील आकसण्याच्या साधारण दुप्पट असते, त्यामुळे गाभ्यासह ठेवलेला अखंड तुकडा कुठेतरी फाटतोच. ओंडका गाभ्यातून उभा फोडावा आणि गाभा तासून टाकावा. करवतीपेक्षा कुऱ्हाडीने फोडणे बरे, कारण फट तंतूंच्या मागोमाग जाते आणि दांडा मजबूत राहतो.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे. शिवाय आडव्या कापलेल्या टोकांतून ओलावा फार लवकर जातो. म्हणून कोरलेली वस्तू तिच्याच ढलप्यांसह कागदी पिशवीत ठेवून सावकाश वाळवावी आणि वाटीची जाडी शक्यतो सगळीकडे सारखी ठेवावी.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. तेलाचे काय?

प्रतिसाद ३:
जवसाचे किंवा अक्रोडाचे खाद्य तेल लावावे. ते हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होते. ऑलिव्ह तेल तसे घट्ट होत नाही आणि पुढे खवट होते. रंगकामाच्या दुकानातील ‘उकळलेल्या’ जवस तेलात बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात, ते टाळावे. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात.