अकरा वर्षे बंद असलेल्या वाड्यात वडिलांना न्यायचे आहे

प्रश्न : तेरणाकाठ

सर्वांना नमस्कार. औसा तालुक्यातील एका गावात आमचा पाच पिढ्यांचा वाडा आहे. थोरले काका वारल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षे, तो कुलूपबंद आहे. माझे वडील आता ७९ वर्षांचे आहेत. येत्या भाद्रपदात महालक्ष्म्या जुन्या देवघरातच बसवायच्या, असे त्यांनी मनाशी पक्के केले आहे आणि त्यांना तेथे नेण्याची जबाबदारी माझी आहे.

वाडा काळ्या दगडाचा, मातीत बांधलेला आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, असलेला आहे. ढाळजेतून (दारालगतच्या बैठकीच्या जागेतून) आत गेले की चौक, चौकाच्या तीन बाजूंना ओसरी, मागे माजघर आणि माजघराला लागून देवघर, अशी त्याची रचना आहे. देवघराच्या जाड भिंतीत बळद, म्हणजे धान्य साठवण्याची पोकळी, आहे. माझी आजी त्याच्या खालच्या भोकातला चिंध्यांचा बोळा काढायची, तेव्हा आतली ज्वारी माझ्या मनगटावरून थंडगार वाहत यायची. तो स्पर्श मला आजही जसाच्या तसा आठवतो. चौकाच्या एका कोपऱ्यात फरशीखाली पेव (धान्य साठवण्याचा खोल खड्डा) आहे, पण ते माझ्या जन्माआधीपासून वापरात नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात माजघराची उत्तरेकडची भिंत बाहेरच्या बाजूला ढासळली. खण, म्हणजे खांब आणि तुळयांमधले भाग, मात्र उभे राहिले आणि आत झोपलेली सातही माणसे वाचली. पुढे काकांनी ती भिंत विटा आणि सिमेंट वापरून बांधून घेतली. लातूरला राहणाऱ्या चुलत भावाने मागच्या आठवड्यात छायाचित्रे पाठवली आहेत. माळवदावर गुडघाभर गवत आहे, एका पन्हळीत पिंपळ उगवला आहे आणि माजघराच्या तुळईवर ओलीचा काळा डाग पसरला आहे.

एवढ्या वर्षांनी आत जाताना प्रथम काय पाहावे? वडिलांना आत बसवणे धोक्याचे ठरेल का? ग्रामपंचायतीत घर अजूनही आजोबांच्या नावावर आहे. त्याबाबतही काही करता येईल का? वाडा पाडून प्लॉट करावा, असे काही नातेवाइकांचे मत आहे. वडिलांसमोर तो विषय अजून कोणी काढलेला नाही.

प्रतिसाद : खण-तुळई

ताई, भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील घरांच्या दुरुस्तीच्या कामावर मी काही वर्षे होतो. त्या अनुभवावरून पहिली आणि कळकळीची विनंती करतो की भाद्रपदात वडिलांना त्या छताखाली बसवू नका.

माळवद बाहेरून साधे दिसते, पण त्याचे वजन लक्षात घ्यावे लागते. तुळयांवर कड्या (आडवी बारीक लाकडे), कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि चिखल, आणि सर्वांत वर पांढरी माती, असे त्याचे थर असतात. दर उन्हाळ्यात, मृग निघण्याआधी, गळती थांबवण्यासाठी वर नवी माती टाकण्याची आपल्याकडे रीत होती. मात्र खालची जुनी माती सहसा कोणी काढत नसे, त्यामुळे पिढ्यानुपिढ्या थर वाढत जाई. दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागेवर दीड फूट माती धरली, तरी कोरडे वजन सुमारे सात टन भरते. पावसाचे पाणी मुरले की ते आणखी वाढते, आणि भाद्रपदात ते भिजून सर्वांत जड झालेले असते. १९९३ साली किल्लारी परिसरात जी हजारो माणसे गेली, त्यांतील बहुतेकांच्या अंगावर ह्याच भिंती आणि हीच माती आली होती.

आता भिंतीविषयी. आपल्याकडची जुनी दगडी भिंत बहुधा दोन पदरांची असते; बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, आणि मधल्या पोकळीत गोटे व माती भरलेली. दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड पुरेसे नसले, तर पाणी मुरल्यावर एक पदर हळूहळू बाहेर येतो. गवंडी त्याला 'भिंतीला पोट आले' असे म्हणतात. तुम्ही वाड्याभोवती बाहेरून फिरून आधी हेच पाहा. भिंतीच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली की पोट लगेच दिसते. जेथे पोट असेल तेथे भिंतीच्या जवळ थांबू नका आणि आतल्या बाजूच्या खोलीतही जाऊ नका.

तुमच्या घराचे खण उभे राहिले, ह्यात नशिबापेक्षा सुताराच्या कामाचा वाटा मोठा आहे. खणाच्या घरात छताचा भार खांब आणि तुळया घेतात. भिंत कोसळली तरी लाकडी सांगाडा कित्येकदा तसाच उभा राहतो. म्हणून तुमच्या वाड्याचे भवितव्य भिंतींइतकेच खांबांच्या बुडाशी ठरणार आहे. प्रत्येक खांब ज्या तळखड्यावर (बुडाच्या दगडावर) टेकला आहे, तेथे लाकूड पेन्सिलीच्या टोकाने दाबून पाहा. टोक सहज आत गेले तर वाळवी किंवा ओल लागलेली आहे. लहान हातोडीने खांबावर हलकेच ठोकले असता घट्ट लाकूड खणखणीत वाजते आणि पोकळ लाकडाचा आवाज बद्द येतो. तुळईची जी टोके भिंतीत शिरली आहेत तीही तपासा, कारण कूज तेथूनच सुरू होते. छायाचित्रातला काळा डाग नेमका टोकाशी असेल, तर त्या खणाखाली टेकू लावल्याशिवाय कोणीही जाऊ नये.

विटा-सिमेंटची नवी भिंत आणि जुनी दगड-मातीची भिंत जेथे मिळतात, तो सांधाही पाहून घ्या. दोन्हींचे वागणे वेगळे असते आणि तेथे उभी भेग पडलेली असण्याची शक्यता मोठी आहे. भेग दिसली म्हणून घाईने तीत सिमेंट भरू नका. जुन्या भिंती आतली ओल बाहेर सोडत असतात. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल कोंडते आणि आतली माती सुटू लागते. मातीच्या भिंतीला चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा मानवतो.

पिंपळ उपटू नका. मुळाबरोबर दगड निसटतात. सध्या तो बुडाशी कापून ठेवावा आणि पावसाळा उघडल्यावर माहीतगार गवंड्याकडून मूळ काढून घ्यावे. भिजलेल्या माळवदावर तर कोणालाही चढवू नका. पन्हळी तुंबल्या असतील तर बाहेरून शिडी लावून मोकळ्या करता येतील, तेवढे मात्र लवकर करा. पाणी वर साचून राहणे हेच बंद घराचे मरण आहे. घर वापरात असते तेव्हा कोणीतरी वर जाऊन साण्यावरचा (छतातल्या झरोक्यावरचा) दगड सरकला आहे का, पन्हळ तुंबली आहे का, हे पाहत असते. तुमच्या घराला अकरा पावसाळे कोणी पाहिलेले नाही.

पाडण्याच्या मताविषयी माझे म्हणणे असे की ते एवढ्यात स्वीकारू नये. माळवदावरची जास्तीची माती उतरवणे, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे टेकू देणे, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा सळईसह काँक्रीटचे सांधे घालणे आणि भिंतींना आडवा पट्टा बांधणे, ही कामे भूकंपानंतर अनेक गावांत झाली आहेत. त्यांना खर्च येतो, पण असा वाडा पुन्हा बांधायला लागेल त्याच्या तुलनेत तो थोडा आहे. अशा दुरुस्तीचा अनुभव असलेल्या स्थापत्य अभियंत्याला एकदा प्रत्यक्ष दाखवा आणि मगच निर्णय घ्या.

प्रतिसाद : उंडे-भज्जी

ताई, वरच्या दादांनी घराविषयी लिहिले आहे, मी देवाविषयी आणि वेळेविषयी लिहिते.

आमच्याकडेही जुन्या घराचे छत खचले तेव्हा सासूबाईंना असेच वाटले होते की महालक्ष्म्या दुसरीकडे बसवल्या तर कुळाचार मोडेल. शेवटी गावच्या घरातून मुखवटे पेटीसह आणले, देवघरातली चिमूटभर माती एका पुडीत बांधून घेतली आणि शहरातल्या घरी उभ्या केल्या. सासूबाईंचे समाधान झाले. तुमच्या वडिलांशी बोलून पाहा. मुखवटे चुलत भावाने आणून दिले तरी चालण्यासारखे आहे.

आणि वडिलांना वाड्यात न्यायचे असेल तर 'वेळ अमावस्या' ह्या आपल्याकडच्या शेतातल्या सणाला न्या. मार्गशीर्षातल्या ह्या अमावस्येपर्यंत माळवद आणि भिंती वाळलेल्या असतात, साप-विंचवाचा त्रास कमी झालेला असतो आणि थंडीमुळे म्हाताऱ्या माणसाला प्रवास सोसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या दिवशी बाहेरगावी गेलेली सगळी भावकी गावात असते. शेतातल्या कोपीत (कडब्याच्या खोपटात) पूजा होईल, आंबील आणि मिश्र भाज्यांची भज्जी होईल, आणि ज्यांना वाड्याविषयी काही म्हणायचे आहे ते सगळे एकाच पंगतीत बसलेले असतील. तुमच्या वडिलांच्या वयाची जी चार-दोन माणसे गावात उरली असतील, तीही त्यांना भेटतील. मला वाटते, वडिलांना घराइतकीच त्या माणसांचीही ओढ असणार.

पेवाबद्दल एक गोष्ट हात जोडून सांगते. त्याची फरशी कोणालाही काढू देऊ नका आणि मुले बरोबर असतील तर त्या कोपऱ्यात कोणाला तरी उभे करा. बंद पेवातली हवा विषारी झालेली असते. आमच्या शेजारच्या गावात एक जण जुन्या पेवात उतरला तो वर आलाच नाही, आणि त्याला काढायला उतरलेला त्याचा भाऊही आतच राहिला. दोघेही धडधाकट होते.

प्रतिसाद : मोडीवाचक

घर आजोबांच्या नावावर असल्याचा आपण उल्लेख केला आहे, म्हणून थोडे लिहितो.

गावठाणातल्या घराला सात-बारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव असणे उपयोगी असले, तरी केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केलेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरांची मालमत्ता पत्रके तयार केली जातात. आपल्या गावाची मोजणी झाली आहे का आणि वाड्यापुढे कोणाचे नाव लागले आहे, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारावे. बंद घराची नोंद करताना शेजारच्या माणसाने सांगितलेले नाव लागते किंवा हद्द इकडची तिकडे होते, असे मी पाहिले आहे. हरकत वेळेत घेतली तर दुरुस्ती सोपी जाते.

वडिलांना बहिणी असतील तर त्यांना वगळून काही ठरवू नये. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये हेही स्पष्ट केले आहे की हा हक्क जन्मानेच मिळतो आणि त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याची अट नाही. हा नियम आपल्यालाही लागू आहे, ताई. आत्यांचा हिस्सा आजोबा कधी वारले त्यावरही अवलंबून राहील, म्हणून वारसांची यादी करून वकिलाला दाखवावी.

वाड्यात जाल तेव्हा कोनाडे, फडताळे आणि पेट्या नीट पाहाव्यात. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने जुने कागद उर्दूत असतात, आणि त्याहून जुने बहुधा मोडी लिपीत. घड्या बळेच उलगडू नयेत, ठिसूळ झालेला कागद घडीवरच तुटतो. ओल असेल तर सावलीत वाळू द्यावे, उन्हात ठेवू नयेत आणि फाटले असतील तर चिकटपट्टी मुळीच लावू नये. प्रत्येक पानाचे सरळ वरून छायाचित्र घ्यावे. वडील बरोबर असतील तेव्हा त्यांचे बोलणेही ध्वनिमुद्रित करून ठेवा. वाटणीच्या कागदात 'ढाळजेकडील दोन खण' असे लिहिलेले असते. ते खण कोणते, हे दाखवू शकणारा माणूस घरात एखादाच उरलेला असतो.

प्रतिसाद : तेरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वरचे सगळे प्रतिसाद मी काल रात्री वडिलांना वाचून दाखवले. माळवदाच्या वजनाचा हिशेब ऐकून ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आमचे अण्णा दर वर्षी चार गाड्या माती टाकायचे, काढलेली कधी पाहिली नाही." भाद्रपदाचा हट्ट त्यांनी सोडला आहे. मुखवटे भाऊ आणून देईल आणि वाड्यात आम्ही वेळ अमावस्येला जाऊ. त्याआधी, दिवाळीनंतर, एका अभियंत्याला घेऊन मी एकटी जाऊन येईन.

आज सकाळी त्यांनी दिनदर्शिकेच्या जुन्या पानामागे वाड्याचा नकाशा काढायला घेतला. एकूण सतरा खण भरले. प्रत्येक खणात त्यांनी तेथे कोण झोपत असे ते लिहिले आहे, आणि उत्तरेकडच्या भिंतीशी, जी पडली, तेथे स्वतःच्या आईचे नाव लिहिले आहे. त्या रात्री आजी विसर्जन पाहून उशिरा आली आणि उकाड्यामुळे ओसरीवर येऊन झोपली, हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. दोन्ही आत्यांना मी दुपारी फोन केला. त्याही येणार आहेत. पाडण्याचा विषय आता त्या दिवशी सर्वांसमोरच निघेल, आणि तो मी स्वतः काढणार आहे.

भावाने शिडी लावून दोन पन्हळी मोकळ्या केल्या आहेत. तिसऱ्या पन्हळीतला पिंपळ अंगठ्याएवढा जाड झाला होता. तो त्याने बुडाशी कापला आहे आणि मूळ तसेच ठेवले आहे.