शब्दचर्चा: ‘सिक्स्थ फॉर्म’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न, नाशिकहून

माझी भाची इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. ऑगस्टमध्ये जीसीएसईचा (तिकडची सोळाव्या वर्षीची परीक्षा, आपल्या दहावीसारखी) निकाल लागला की ती ‘सिक्स्थ फॉर्म’ला जाणार. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, तिची सहावी केव्हाच झाली ना?” काकांना वाटलं, कुठला तरी सहावा फॉर्म भरायचा राहिलाय. घरच्या सगळ्यांना नीट कळवायचं आहे. ‘अकरावी-बारावी’ असं लिहिलं तर चालेल का? आणि तिथे गेल्यावर मुलांचं नेमकं काय बदलतं?

हॅरोहून

वय बघाल तर अकरावी-बारावीच, सोळा ते अठरा. नाव जुन्या मोजणीतलं आहे. अकराव्या वर्षी माध्यमिक शाळेत गेलं की वर्ग पुन्हा एकपासून मोजत: फर्स्ट फॉर्म, सेकंड फॉर्म, असं करत फिफ्थपर्यंत. सहावा दोन वर्षांचा, लोअर सिक्स्थ आणि अप्पर सिक्स्थ. १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला आणि त्यानंतर इयर वन ते इयर थर्टीन अशी सलग मोजणी रूढ झाली. खालचे पाच फॉर्म बहुतेक शाळांतून गेले, सहावा तेवढा टिकला. मुलं आपसात ‘इयर ट्वेल्व्ह’च म्हणतात.

पुण्याहून

ताई, आईंना ‘इंग्रजी सहावी’ म्हणून बघा. आपल्याकडेही पूर्वी मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली सुरू व्हायची आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. मोजणी मध्येच पुन्हा एकपासून, अगदी तशीच. जुन्या आत्मचरित्रांत ‘इंग्रजी पाचवीत असताना’ असं वाचून आजची मुलं गोंधळतात, कारण ती आताची नववी. वर्ग जुळत नाही, पण मोजायची रीत आईंच्या चटकन लक्षात येईल.

मिल्टन कीन्सहून

वयाच्या हिशेबाने ‘अकरावी-बारावी’ बरोबर आहे, पण मी तो शब्द वापरत नाही. तो ऐकला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न येतो, “सायन्स की कॉमर्स?” इथे शाखाच नसते. मूल बहुतेक वेळा तीन विषय घेतं, फर्दर मॅथ्स (गणिताच्या जोडीला घ्यायचं जास्तीचं, पुढचं गणित) घेणारी काही मुलं चार, आणि ते कुठलेही. गणित, भौतिकशास्त्र आणि इतिहास एकत्र घेतलेली मुलं आहेत. जीसीएसईला नऊ-दहा विषय असतात, तिथून एकदम तीन. गणित आणि इंग्रजीत किमान चार ही श्रेणी (नऊ सर्वांत वरची) मिळाली असेल तर ते दोन्ही विषयही सोडता येतात. सोळाव्या वर्षी हे दार बंद करणं मला फार लवकर वाटतं, अजूनही वाटतं. म्हणून विषय ठरवण्याआधी भाचीला मनातल्या पदवीच्या प्रवेशाच्या अटी वाचायला सांगा. वैद्यकीयला बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र लागतंच.

प्रश्नकर्ती

तीनच विषय, मग दिवसभर करतात काय? ती म्हणते, तिला खूप ‘फ्री पिरियड’ असतील. म्हणजे ऑफ तास ना?

मिल्टन कीन्सहून

हाच शब्द घात करतो, ताई! आपला ऑफ तास म्हणजे सर आले नाहीत, चला बाहेर. इथला फ्री पिरियड वेळापत्रकातच ठरवून मोकळा ठेवलेला असतो, स्वतः अभ्यास करायला. साधारण जेवढे तास वर्गात, तेवढेच बाहेर स्वतः काम करायचं, अशी शाळेची अपेक्षा असते. सप्टेंबरमध्ये सगळी मुलं कॉमन रूममध्ये बसून चहा पितात आणि नोव्हेंबरात पहिल्या चाचणीचे गुण आले की लायब्ररीत जागा मिळत नाही. मी त्याला ‘स्वाध्यायाचा तास’ म्हणते. जुना शब्द आहे, पण अर्थाला पुरेपूर उतरतो.

‘ट्यूटर’चंही तसंच. आपल्याला तो शिकवणीवाला वाटतो. इथे तो गटाची हजेरी आणि ख्यालीखुशाली बघणारा शाळेतलाच शिक्षक. शाळेतून ‘ट्यूटरला भेटा’ असा निरोप आला तर मुलीला शिकवणी लागली असं समजू नका. आणि ती वेगळ्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजला गेली तर तिथे बरेचदा शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात. आजोबांना आधीच सांगून ठेवा.

लेस्टरहून

मी दोन वर्षांपूर्वीच यातून बाहेर पडलोय, म्हणून लिहितो. माझे पुण्यातले भाऊ अकरावीला ‘आरामाचं वर्ष’ म्हणायचे, खरी परीक्षा बारावीला. इथे ए लेव्हलची, म्हणजे सिक्स्थ फॉर्मची अंतिम परीक्षाही दोन वर्षांच्या शेवटीच असते, दोन्ही वर्षांच्या अभ्यासावर, म्हणून तसंच वाटतं. पण विद्यापीठाचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला जातो. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीयसाठी ऑक्टोबरच्या मध्यात, बाकी बहुतेकांसाठी जानेवारीत. त्यात शिक्षक ‘प्रेडिक्टेड ग्रेड’ देतात आणि ती बरेचदा पहिल्या वर्षाच्या शेवटी शाळेत होणाऱ्या परीक्षेवर ठरते. म्हणजे ‘आरामाच्या’ वर्षाचेच गुण अर्जावर जातात. माझ्या वर्गात एकाची रसायनशास्त्राची श्रेणी सी लावली होती. त्याने अंतिम परीक्षेत ए मिळवला, पण ज्या कोर्सला ए हवा होता तिथे तोवर अर्जच केला नव्हता.

मराठीत ‘अंदाजित श्रेणी’ लिहू नका, उगाच ठोकताळा वाटतो. ‘अपेक्षित श्रेणी’ म्हटलं तर मुलाची अपेक्षा की शिक्षकांची, कळत नाही. ‘शिक्षकांनी वर्तवलेली श्रेणी’ लांब आहे, पण अर्थ चोख.

ॲबर्डीनहून

स्कॉटलंडची मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: इथे सिक्स्थ फॉर्म नाही. माध्यमिक शाळेची सहा वर्षं, एस वन ते एस सिक्स, आणि पाचव्या वर्षापासून ‘हायर’ नावाच्या परीक्षा. मुलं पाचपर्यंत हायर घेतात, त्यामुळे इतक्या लवकर तीनवर यावं लागत नाही. ‘सिक्स्थ इयर’ आणि ‘सिक्स्थ फॉर्म’ एक समजू नका.

हॅरोहून

सिक्स्थ फॉर्मच्या प्रवेशाबद्दल एक राहिलं. जागा आधी मिळते ती अटीवर. ऑगस्टमधल्या निकालाच्या गुरुवारी श्रेणी बघून पक्की होते. बऱ्याच शाळा गणितासाठी सात ही श्रेणी मागतात, नसेल तर विषय बदलावा लागतो. त्या दिवशी तिच्याबरोबर कुणीतरी मोठं असू द्या, आणि दुसरा पर्यायही आधीच विचारून ठेवा.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. घरच्यांना आता असं लिहिते आहे: “चिऊ सप्टेंबरपासून सिक्स्थ फॉर्मला जाईल. म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची दोन वर्षं, पण शाखा नाही, तिने निवडलेले तीनच विषय. पहिलं वर्ष हलकं नसतं, तेव्हा दिवाळीत फोन केलात तर अभ्यासाची चौकशी जरा बेताने करा.” आईला मात्र आज संध्याकाळी ‘इंग्रजी सहावी’च सांगणार आहे. तिचे वडील मॅट्रिक झालेले होते.