अनुभव धागा : ॲपला विचारून हॉटेलात जेवलात का?

मंडळी, बाहेर जेवायला जाताना 'यातलं मला चालेल असं काय?' हे सांगणाऱ्या ऑनलाइन सेवा आता बऱ्याच झाल्यात. वय, उंची, वजन, आजार, आवडनिवड एकदा भरायची, हॉटेल निवडायचं, की मेन्यूतले तीन-चार पदार्थ गुणांसकट समोर येतात. मी आठ महिने वापरतोय.

पहिल्याच दिवशी '९१ टक्के तुमच्यासाठी' म्हणून सॅलड सुचवलं गेलं. मागवलं. पानं होती, नाही असं नाही. पण पानांवर चीज, चीजवर तळलेले पावाचे तुकडे आणि सगळ्यावर चकचकीत ड्रेसिंग. घरी येऊन तपशील उघडला तर कॅलरीचा आकडा ड्रेसिंग वगळून होता, त्याची नोंद वेगळीच. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी, आणि त्या वाडग्याच्या तळाशी तीन चमचे तरी साचलं होतं. मी ते शेवटी पावाने पुसून खाल्लं, तेही 'आज काय शहाण्यासारखं जेवलो' अशा थाटात.

तरी सोडलेलं नाही. कारण एवढंच की निवड दुपारी चारला, पोट भरलेलं असताना होते. भुकेल्या पोटी मेन्यूकार्ड हातात आलं की मला फक्त 'क्रिस्पी' एवढंच वाचता येतं.

तुमचे अनुभव लिहा. सेवेला काय सांगितलं होतं, तिने काय सुचवलं आणि ताटात काय आलं, हे तिन्ही आलं तर बरं. सेवेचं नाव नको, धागा भरकटतो.

इन्सुलिनवर, अकरा वर्षं

मला कॅलरीशी घेणंदेणं नाही. मला कर्बोदकं लागतात, तीही ग्रॅममध्ये. माझं गणित १० ग्रॅमला १ युनिट इन्सुलिन. (हे माझं, डॉक्टरांनी बसवून दिलेलं. कुणी उचलू नका.) सेवेने भाताच्या बाऊलला ४५ ग्रॅम दाखवले. मी साडेचार युनिटं टोचून घेतली. बाऊल आला तो कुंडीएवढा. आकडा 'एका बाऊलचा' होता म्हणून इमानेइतबारे संपवला. दोन तासांनी मीटरवर साखर २६२.

गंमत म्हणजे आकडा खोटा नव्हता. शिजलेल्या भाताच्या एका कपात साधारण ४५ ग्रॅमच असतात. कप सेवेचा होता, बाऊल हॉटेलचा. तेव्हापासून पर्समध्ये घडी होणारा रबरी मोजकप ठेवते. पहिल्यांदा भात त्यात दाबून मोजला तेव्हा शेजारच्या टेबलावरची चमच्यांची किणकिण थांबली होती. आता सवय झाली, मला आणि शेजारच्या टेबलांनाही.

एक मात्र मान्य करते. दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावून त्याचे आकडे सेवेला जोडले, तेव्हापासून सूचना खरंच सुधारल्या. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० माणसांना आठवडाभर सेन्सर लावून पाहिलं होतं. एकच पदार्थ एकाची साखर वर फेकतो, दुसऱ्याची जागची हलत नाही. म्हणजे 'खास तुमच्यासाठी' म्हणण्यात काही अर्थ असू शकतो, पण तो रक्तातून कळतो. वय-उंचीच्या फॉर्मवरून कसा कळणार?

शेंगदाण्याची ॲलर्जी, मुलगा सात वर्षांचा

'शेंगदाणाविरहित' म्हणून हिरवी खूण होती. मी तरी स्वयंपाकघरात विचारून घेतलं. पदार्थात दाणे नव्हते, पण ज्या तेलात तो तळतात त्यातच दाण्याचं आवरण असलेले तुकडे तळले होते. काढून टाकलं ॲप. आमच्याकडे एक चूक ही शेवटची चूक असू शकते.

वडिलांची किडनी

बाबांना किडनीचा आजार आहे. मी फॉर्ममध्ये 'रक्तदाब' आणि 'कमी मीठ' भरलं. किडनी हा पर्यायच नव्हता. 'इतर'मध्ये लिहिलं, ते कुठे गेलं देव जाणे.

सेवेने सुचवलं : सालासकट भाजलेला बटाटा, लसूण घातलेला पालक आणि टोमॅटो सूप. मीठ कमी, तंतू भरपूर, गुण ९४. बाबा खूश, कारण कित्येक दिवसांनी कुणीतरी त्यांना बटाटा खा म्हणत होतं. मी ऑर्डर देणार तेवढ्यात सवयीने फोटो आहारतज्ज्ञ बाईंना पाठवला. त्यांचा लगेच फोन. 'अहो, हे तर पोटॅशियमचं संमेलन आहे!' सालासकट मध्यम बटाट्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, शिजलेल्या पालकातही भरपूर, टोमॅटोची तीच कथा. धडधाकट माणसाला हे उत्तमच, किंबहुना रक्तदाबाला चांगलंच. किडनीला ते बाहेर टाकता येत नसेल तर मात्र रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं.

सेवेने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं होतं. तिला प्रश्नच अर्धा कळला होता. बाबांनी शेवटी साधा भात आणि थोडा मासा खाल्ला आणि परतीच्या वाटेवर बटाट्याबद्दल एक शब्दही काढला नाही. तेच जास्त लागलं.

पूर्वी अशाच एका सेवेत कामाला होते

वरचं वाचून राहवलं नाही. पडद्यामागे काय चालतं ते सांगते.

'वैयक्तिक' ऊर्जेचा आकडा बहुतेक वेळा १९९० च्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रातून येतो. वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंमी) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुषाला त्यात ५ मिळवायचे, बाईसाठी १६१ वजा करायचे. मग दिवसभराची हालचाल किती, त्यानुसार त्याला गुणायचं. सूत्र वाईट नाही. पण एकाच वयाच्या, उंचीच्या, वजनाच्या दोन बायकांना ते एकच आकडा देणार, मग एकीचे स्नायू दणकट असोत नाहीतर नसोत.

खरी पंचाईत पदार्थाच्या बाजूला आहे. अमेरिकेत २० किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांना २०१८ पासून मेन्यूवर कॅलरी छापाव्या लागतात, इंग्लंडमध्ये २०२२ पासून २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या व्यवसायांना. अशांचे आकडे तयार मिळतात. बाकीच्यांचं काय? आम्ही मेन्यूतलं वर्णन वाचून एक सरासरी पाककृती गृहीत धरायचो. 'परतलेल्या भाज्या' म्हणजे तेल किती? आम्ही एक चमचा धरायचो. आचाऱ्याच्या हातात पळी असते, चमचा नसतो.

आणखी एक. ज्याचा आकडा नाही त्याला गुण कमी. म्हणून छोट्या हॉटेलातला साधा भाजलेला मासा यादीत खाली जायचा आणि मोठ्या साखळीतला रॅप वर यायचा. त्यात कुणाचा डाव नव्हता, माहिती नसलेलं मागे पडायचं इतकंच. 'तुमच्यासारख्यांनी हेही मागवलं' हा भाग तर पूर्ण वेगळा. तो आवडीवर चालतो, तब्येतीवर नाही. दोन्ही एकाच गुणात मिसळले की ९१ टक्क्यांतले किती जिभेचे आणि किती डॉक्टरांचे, हे आम्हालाही सांगता यायचं नाही.

एक युक्ती सांगते : गुणांवर बोट दाबून 'अंदाजित' की 'हॉटेलने दिलेला' ते बघा. कुठेच लिहिलं नसेल तर अंदाजितच समजा.

व्यायामवाला

मला दिवसाला १३० ग्रॅम प्रथिनं हवीत, दुसरं काही नको. त्यासाठी सेवा झकास. अडचण एकच : सलग अकरा दिवस ग्रिल्ड चिकन. बाराव्या दिवशी मी पास्ता खाल्ला, तर सेवेने विचारलं, 'सगळं ठीक आहे ना?' काळजी वाटली हो तिला.

नाव नको

मी कधीकाळी जेवण टाळण्याच्या आजारातून बाहेर आलेय. हे सेवेला सांगायला जागा नव्हती. एका रात्री जेवलेच नाही, तर सकाळी पडद्यावर हिरवी पानं उडाली आणि 'शाब्बास, तुम्ही ६०० कॅलरी वाचवल्यात'. त्या सहाशे मला वाचवायच्या नव्हत्या. त्याच दिवशी खातं बंद केलं. आता मैत्रिणीबरोबर जाते, ती जे घेते तेच घेते. घरात असा कुणी असेल तर 'बघ ना, मस्त ॲप आहे' म्हणून हातात ठेवू नका, एवढीच विनंती.

धागा काढणारा, पुन्हा

पर्सवाल्या ताई, मोजकप मागवलाय. आणि पडद्यामागच्या ताई, तुमचं वाचून माझ्या नेहमीच्या हॉटेलातले बारा पदार्थ तपासले. दहा 'अंदाजित' निघाले.

काल मग फोन खिशात ठेवला आणि वाढपीदादांनाच विचारलं, 'सॅलडचं ड्रेसिंग वेगळ्या वाटीत मिळेल का?' ते म्हणाले, 'मिळतं की. तुम्हीच दर वेळी ॲपवरून मागवता, त्यात तो रकाना नसतो.'